फिलिपिन्सचा ‘सुका’ आणि आपला चुका

मनिलाच्या वाणसामानाच्या दुकानात बाटलीवर ‘सुका’ हा शब्द वाचला की मराठी माणसाला आधी सुका जवळा, सुका बोंबील किंवा चिकन सुका आठवणार. बाटलीत मात्र व्हिनेगर असतं. फिलिपिनो स्वयंपाकात या शब्दाला जी जागा आहे, ती आपल्याकडे चिंच, कोकम, लिंबू आणि दही या चौघांनी मिळून अडवली आहे.

आधी उच्चार, कारण इथे घोटाळा झाला तर पंचाईत होते. टागालोग भाषेत ‘सुका’ दोन आहेत. व्हिनेगरचा ‘सुका’ म्हणताना शेवटचा ‘आ’ घशात झटकन अडवायचा, जणू कोणी मध्येच तोंडावर हात ठेवला. तोच ‘आ’ मोकळा सोडला तर अर्थ होतो ओकारी. लिहिताना दोन्ही शब्द बहुधा सारखेच दिसतात, पण प्रत्यय लागला की फरक उघडा पडतो. घशात अडलेल्या शब्दाला ‘-आन’ लागतो आणि मोकळ्या शब्दाला ‘-हान’. म्हणून ‘सुकाआन’ म्हणजे एखाद्या पदार्थात व्हिनेगर घालणं आणि ‘सुकाहान’ म्हणजे त्यावर ओकणं. पाहुण्याने वाटीकडे बोट दाखवून काम भागवलेलं बरं.

आता शब्दाचं मूळ. टागालोगमध्ये ‘सुका’ मलय भाषेतून आला आणि मलयमध्ये तो ‘चुका’ आहे. इंडोनेशिया-मलेशियात आजही व्हिनेगरला ‘चुका’च म्हणतात. मलयमध्ये तो संस्कृत ‘चुक्र’वरून आला. चुक्र म्हणजे आंबट, आणि नेमकेपणाने सांगायचं तर आंबवून केलेलं आंबट द्रव्य. शार्ङ्गधरसंहितेत चुक्राचं वर्णन आहे ते असं: बिघडून आंबट झालेलं मद्य किंवा तसंच आंबवलेलं गोड द्रव. हे व्हिनेगरच झालं.

याच ‘चुक्र’चा दुसरा वंशज आपल्या भाजीवाल्याकडे जुडीने मिळतो: आंबट चुका. अळूच्या फतफत्यात घसा खाजू नये म्हणून घालतात, तोच. आपल्याकडे शब्द पाल्याला चिकटला आणि तिकडे बाटलीतल्या द्रवाला. व्हिनेगरसाठी आपण शिरका हा फारसीतून आलेला शब्द घेतला, नंतर तोही मागे पडून ‘व्हिनेगर’ आलं. फिलिपिन्सने मात्र तीनशेहून अधिक वर्षं स्पॅनिश राज्य सोसूनही ‘विनाग्रे’ घेतलं नाही. कांद्याला स्पॅनिशवरून ‘सिबुयास’ म्हणायला लागले, मिऱ्याला ‘पामिंता’ म्हणायला लागले, पण व्हिनेगर ‘सुका’च राहिलं. जी वस्तू घरात आधीपासून रोज लागते, तिचं नाव सहसा बदलत नाही.

‘च’चा ‘स’ कसा झाला, हे कोडं नाही. जुन्या टागालोगमध्ये ‘च’ हा ध्वनीच नव्हता, त्यामुळे बाहेरून आलेल्या ‘च’ला ‘स’चा वेश मिळाला. संस्कृत ‘चरित’चं तिथे ‘सालिता’ झालं आणि त्याचा अर्थ झाला शब्द, बोलणं. चंपकाचं ‘साम्पाका’ झालं, म्हणजे आपला चाफा. ‘क्र’ या जोडाक्षरातला ‘र’ तर मलयमध्येच गळाला होता.

हे शब्द कोणी भारतातून थेट फिलिपिन्सला नेऊन पोचवले, असं समजू नये. जावा, सुमात्रा आणि मलय किनाऱ्यावरचे व्यापारी मध्ये होते. या व्यवहाराचा एक पुरावा मराठी पंचांगवाल्यांना विशेष आवडेल. 1989 मध्ये मनिलाजवळच्या लगुना प्रांतात एक ताम्रपट मिळाला. त्यावरची भाषा जुनी मलय आहे, तिच्यात संस्कृत शब्द भरपूर आहेत आणि तारीख आहे शके 822, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन 900. मजकूर कर्जमुक्तीचा आहे. सोमवारची तिथी घालून कर्ज फिटल्याचा कागद करणाऱ्या लोकांनी आंबट पाण्यालाही संस्कृत वळणाचं नाव दिलं, यात नवल नाही.

शब्द स्पॅनिशांच्या आधीचा आहे याची लेखी नोंदही आहे. मॅगेलनच्या ताफ्यातला इटालियन प्रवासी अंतोनियो पिगाफेत्ता याने 1521 मध्ये सेबू बेटावर शब्दांची यादी केली. तिच्यात व्हिनेगरसाठी ‘झ्लुका’सारखा शब्द आहे. ऐकून लिहिलेला असल्यामुळे वाकडातिकडा आहे, पण ओळखता येतो. त्याच यादीत लसणीसाठी ‘लाशुना’ आहे. लशुन, लसूण, लाशुना. फिलिपिनो आंबटाचा जोडीदार लसूण, आणि 1521 मध्ये सेबूत दोघांचीही नावं संस्कृत मुळाची होती. (टागालोगमध्ये लसणीला ‘बावांग’ म्हणतात, तर उत्तरेकडच्या इलोकानो भाषेत ‘लासोना’ म्हणजे कांदा.)

पिगाफेत्ताने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली: आपल्याला भाकरी, दारू, तेल आणि व्हिनेगर वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळतं, या लोकांना हे सगळं एका माडाकडून मिळतं. सुक्याचा खरा उगम तिथे आहे, झाडावर.

झाडावरून बाटलीत

माडाची न उमललेली पोय (फुलोरा) दोरीने बांधतात आणि तिचं टोक दिवसातून दोनदा पातळ चकती निघेल इतकंच कापतात. थेंबथेंब रस खाली लावलेल्या बांबूच्या नळकांड्यात जमतो. हा ‘तुबा’. कोकणात याला माडी म्हणतात, गोव्यात सूर. ताजा असेपर्यंत तो नीरेसारखा गोड, पण हवेतलं यीस्ट त्यात लगेच शिरतं आणि दुपारपर्यंत फेस येतो. लेते आणि सेबूकडे त्यात कांदळवनातल्या झाडाच्या सालीची पूड घालतात. तिने रंग विटकरी होतो, चव तुरट होते आणि आंबणं थोडं लांबतं.

पुढचं रसायन दोन टप्प्यांत समजून घ्यावं, कारण घरी व्हिनेगर बिघडतं ते बहुतेक वेळा हे टप्पे एकमेकांत मिसळल्यामुळे.

पहिल्या टप्प्यात यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. यासाठी हवा नको, पण तयार होणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट हवी. घट्ट बुच मारलेली बाटली इथेच फुटते. दुसऱ्या टप्प्यात ॲसिटोबॅक्टर हे जिवाणू अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात, आणि त्यांना भरपूर हवा लागते. म्हणून भांडं रुंद तोंडाचं, अर्धंच भरलेलं आणि वर फक्त कापड बांधलेलं असावं. कापड चिलटांसाठी. अरुंद बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवलेली माडी महिनाभर माडीच राहते, फक्त बेचव होते.

हिशोब सोपा आहे. जितके टक्के अल्कोहोल, साधारण तितकेच टक्के आम्ल. ताज्या आंबलेल्या ताडरसात पाच-सहा टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे त्याचं चार-पाच टक्क्यांचं व्हिनेगर आपोआप होतं. रसात पाणी घालून पातळ केला तर आम्ल इतकं कमी पडतं की त्यावर बुरशी धरते. उलट दारू फार कडक असेल तर जिवाणू कामालाच लागत नाहीत. वर येणारी जाड, गुळगुळीत साय ही बिघाडाची खूण नव्हे, ती जिवाणूंचीच वसाहत. हिरवी किंवा काळी केसाळ बुरशी आली तर मात्र फेकून द्यायचं. आम्ल पुरेसं झालं की भांडं गच्च भरून झाकायचं. तसं केलं नाही तर तेच जिवाणू अल्कोहोल संपल्यावर आम्लही खाऊन टाकतात आणि महिन्याभराने हाती पाणचट द्रव उरतं.

कुठला सुका?

फिलिपिन्समध्ये नुसतं ‘सुका’ म्हणून भागत नाही. विसायन बेटांवर आणि केझोन प्रांतात माडाचा. बुलाकान प्रांतातल्या पाओंबोंग गावाचा नीपा ताडाचा, जो ‘सुकांग पाओंबोंग’ या नावाने ओळखला जातो. नीपा खाडीच्या खारट चिखलात वाढतो आणि त्याला उंच खोड नसतं. तिथे फळघोसाचा दांडा कित्येक दिवस हलवून, वाकवून सैल करतात आणि मग कापतात. त्याच्या व्हिनेगरला किंचित खारट बाज असतो आणि ठेवल्यावर रंग गडद होत जातो. काविते प्रांतात ‘काओंग’ ताडाचा करतात, तो चवीला जरा गोडसर.

उत्तरेला इलोकोस भागात ताडापेक्षा ऊस जवळचा. उसाचा रस उकळून, सालपाला घालून, मातीच्या ‘बुर्नाय’ रांजणात आंबवतात. त्याची दारू ‘बासी’ आणि ती आंबली की ‘सुकांग इलोको’. रंगाने तपकिरी, चवीला थोडा काकवीचा मागमूस. ही बासी लोकांना इतकी प्यारी की स्पॅनिश सरकारने घरगुती बासीवर बंदी घातली तेव्हा 1807 मध्ये इलोकोसमध्ये उठाव झाला. इतिहासात तो ‘बासी उठाव’ म्हणूनच नोंदलेला आहे. दारूसाठीचा उठाव असं म्हणून हसणं सोपं आहे, पण बासी बंद म्हणजे घरचं व्हिनेगरही बंद.

एका भांड्याची वंशावळ

सुक्यात काय करतात, यावरून पदार्थाचं नाव ठरतं. कच्चा मासा सुक्यात मुरवला तर ‘किनिलाव’ किंवा ‘किलाविन’. मासा आलं घालून सुक्यात उकळला तर ‘पाक्सिव’. मांस लसूण-मिरी घालून सुक्यात शिजवलं आणि रस आटवला तर ‘आदोबो’.

आदोबो हा शब्द स्पॅनिश आहे. स्पेनमध्ये आदोबो म्हणजे मांस-मासळी मुरवायचं वाटण: व्हिनेगर, लसूण, ओरेगानो, लाल मिरचीची पूड. मूळ क्रियापद ‘आदोबार’ जुन्या फ्रेंचमधून आलं आणि तिथे त्याचा अर्थ होता योद्ध्याला शस्त्रं चढवून सज्ज करणं. सरदाराला सजवायचं ते पुढे मांसाला सजवायचं झालं. 1613 मध्ये लगुनातल्या पीला गावी पेद्रो दे सान बुएनावेंतुरा या फ्रान्सिस्कन पाद्र्याचा टागालोग शब्दकोश छापला गेला. त्यात स्थानिक ‘किलाविन’चा अर्थ ‘इथल्या लोकांचा आदोबो’ असा दिला आहे. म्हणजे पाद्र्याने आधीच असलेला पदार्थ पाहिला आणि आपल्या ओळखीचं नाव त्याला लावलं. आदोबो स्पेनने शिकवला, असं सर्रास लिहिलं जातं. स्पेनने नाव दिलं, एवढंच त्या शब्दकोशावरून दिसतं.

एका साध्या आदोबोची सामग्री वाचली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची हजेरीच लागते. सुका संस्कृतातून मलयमार्गे. सोया सॉसला ‘तोयो’ म्हणतात, तो चिनी होक्कियेन बोलीतला. मिरी आणि लॉरेलच्या पानांची (बे लीफ) नावं स्पॅनिश. मीठ म्हणजे ‘आसिन’ तेवढं घरचं. सोया चिनी व्यापाऱ्यांमुळे आला, म्हणून सोया न घालता फक्त मीठ घालून केलेल्या पांढऱ्या आदोबोला, ‘आदोबोंग पुती’ला, जुनं वळण मानतात. बातांगासकडे त्यात हळद घालतात आणि मग तो ‘आदोबो सा दिलाव’, पिवळा आदोबो.

पण मग ‘आदोबोंग मानी’? मानी म्हणजे शेंगदाणे. सोललेले दाणे भरपूर लसणीच्या कापांबरोबर तेलात तळून मीठ टाकलेले, रस्त्यावर कागदाच्या पुडीत मिळतात. यात सुक्याचा थेंब नाही. इथे आदोबो या शब्दातला आंबटपणा गळून गेला आणि लसूण तेवढी उरली. शब्द एकदा घरचा झाला की तो कुठला तुकडा धरून ठेवेल, सांगता येत नाही.

आदोबो करताना

एक किलो कोंबडी हाडासकट, शक्यतो तंगड्या आणि मांड्या. व्हिनेगर अर्धा कप, म्हणजे 120 मिली. सोया सॉस एक तृतीयांश कप. लसणीचा एक अख्खा गड्डा, पाकळ्या ठेचून. एक चमचा अख्खी मिरी, लॉरेलची तीन पानं, एक कप पाणी. (आपलं तमालपत्र, म्हणजे तेजपत्ता, वेगळ्या झाडाचं, त्याला दालचिनीचा वास असतो. नाइलाज असेल तर एकच घाला.) मीठ सुरुवातीला अजिबात नको. रस आटल्यावर सोयाचं मीठ दुप्पट लागतं.

सगळं अर्धा तास एकत्र ठेवून मंद-मध्यम आचेवर चढवायचं. इथे फिलिपिनो घरांतला एक नियम येतो: सुका घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर सुका ‘हिलाव’, म्हणजे कच्चा राहतो. ढवळल्याने रसायनात काही बदलत नाही. नियमाचा खरा गाभा असा की भांडं उघडं ठेवून दहा मिनिटं नीट उकळू द्यावं, म्हणजे नाकात जाणारा पहिला झणका निघून जातो. घाईने झाकण ठेवलं तर ती वाफ परत भांड्यातच पडते. त्यानंतर झाकून 25 ते 30 मिनिटं. डुकराचं मांस असेल तर सव्वा तास आणि थोडं जास्त पाणी.

मग तुकडे बाहेर काढून थोड्या तेलात लालसर परतायचे, तोवर रस आटवायचा आणि पुन्हा एकत्र करायचं. इथली नेहमीची चूक म्हणजे रस्सा फार आंबट लागला म्हणून तो आणखी आटवणं. ॲसेटिक आम्ल 118 अंशांना उकळतं, पाणी 100 अंशांना, म्हणून आटवताना पाणी आधी निघतं आणि उरलेला रस जास्तच आंबट होतो. आंबट झालं असेल तर पाणी घाला, चिमूटभर साखर घाला किंवा रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी आंबटपणा चरबीत आणि मांसात बसतो आणि चव गोल होते. सोरपोतेल करणाऱ्या गोव्यातल्या घरांना हे सांगायला नको.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियमला आम्ल लागलं की रस्सा करडा आणि चवीला धातूचा होतो. तांब्या-पितळेला कल्हई असेल तरच. बटाटे किंवा कडधान्य घालायचं असेल तर आधी वेगळं शिजवून घ्या. आमसूल घातल्यावर डाळ जशी अडून बसते, तसंच इथे होतं.

किनिलाव मात्र घरी जपून. ताज्या सुरमई-टुनाचे चौकोनी तुकडे आधी थोड्या सुक्यात धुऊन ते पाणी फेकतात, मग नवा सुका, आलं, कांदा, मिरची घालतात. तुकड्यांची कड पांढरी झाली की लगेच खायचं. अर्धा-पाऊण तास ठेवलं तर मासा खडूसारखा भुसभुशीत होतो. आम्लाने माशाचं प्रथिन घट्ट होतं, ‘शिजल्यासारखं’ दिसतं, पण त्यातले कृमी मरत नाहीत. त्यासाठी मासा उणे 20 अंशांवर सलग सात दिवस गोठवलेला हवा. घरगुती फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असं नाही.

खरा आणि खोटा

2019 मध्ये फिलिपिन्सच्या अणुसंशोधन संस्थेने बाजारातलं व्हिनेगर तपासलं आणि बरंचसं कारखान्यातल्या कृत्रिम आम्लाचं निघालं. अणुवाले व्हिनेगर का तपासतात? झाड हवेतून कार्बन घेतं आणि त्यात कार्बन-14 हा किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो. खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून राहिल्याने त्यातला कार्बन-14 संपलेला असतो. म्हणून बाटलीतल्या आम्लात कार्बन-14 सापडला नाही, तर ते कुठल्याच माडावरून उतरलेलं नाही. चवीने हे ओळखणं कठीण, कारण आम्ल तेच असतं. फक्त झाडाची बाकीची चव नसते.

आपल्याकडेही हीच गोष्ट बघायची. किराणा दुकानातल्या पांढऱ्या स्वस्त बाटल्यांवर बारीक अक्षरांत ‘सिंथेटिक’ असं लिहिलेलं असतं, आणि तसं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. फिलिपिनो पदार्थासाठी गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर सगळ्यात जवळचं. पोर्तुगीजांचं वाइन-लसणीचं मुरवण गोव्यात माडाच्या व्हिनेगरवर आलं आणि विंदालू झालं, तेव्हा तो आदोबोचा चुलतभाऊच. ते मिळालं नाही तर उसाचं व्हिनेगर चालेल. सिंथेटिकच वापरायची वेळ आली तर 120 मिलीऐवजी 80 मिली घ्या, पाणी 40 मिली वाढवा आणि गुळाचा सुपारीएवढा खडा टाका.